मोरपंखी खुर्च्या कुणाच्या?

"तीनच रंग," चित्रा म्हणाली आणि तिने टेबलावर कापडाचे तीन तुकडे ठेवले. एक राखाडी, एक मोरपंखी, एक नारिंगी. "भिंती, फर्निचर, युनिफॉर्म, गेटवरची पाटी. कंपनीत पाऊल टाकलं की या तिघांशिवाय चौथा रंग दिसता कामा नये."

कदमसाहेबांनी मान डोलावली. ते तिथले प्लांट हेड. चाकणच्या या कंपनीत गाड्यांच्या सीट बनतात. नवीन बिल्डिंग उभी राहत होती आणि साहेबांना सगळा 'लूक' बदलून हवा होता. मी त्यांना कित्येक वर्षं युनिफॉर्म पुरवत होते. माझ्यासमोर त्यांनी अशी मान कधी डोलावल्याचं आठवत नाही. माझ्याशी बोलताना ते घड्याळ बघत मान हलवायचे. ती मान वेगळी.

माझं कासारवाडीला शिलाईचं वर्कशॉप आहे. फॅशन डिझाइनचा डिप्लोमा केला तेव्हा स्वप्नं रॅम्पची होती. नशिबात आले शर्टाचे खिसे आणि ग्रीसचे डाग लपवणाऱ्या कापडाचे लॉट. तक्रार नाही. पण या एका कंपनीच्या कामावर माझं अर्धं वर्कशॉप चालतं. ते गेलं तर मशीनवरच्या अर्ध्या बायकांना घरी बसावं लागेल. त्यामुळे त्या मीटिंगमध्ये मी चेहरा हसरा ठेवून बसले होते.

चित्रा माझ्याच वर्गातली. नाव बदललंय, पण तिनं वाचलं तर तिला कळेलच. कॉलेजात तिची शेडिंगची शीटं मी पुरी करून द्यायचे, कारण बाईसाहेबांना कंटाळा यायचा. आता तिचं बाणेरला काचेचं ऑफिस आहे. घरं सजवते, कपड्यांचे शो करते, रंगांवर व्हिडिओ करते. माझी स्वतःची मुलगी ते व्हिडिओ बघते. "आई, ही तुझ्या वर्गात होती? खरंच?" असं तिने विचारलं होतं. त्या 'खरंच'नं माझ्या काळजाला घरं पडली.

सरळच सांगते, मी तिच्यावर जळते. कॉलेजपासून जळते. लोक म्हणतात हेवा बरा नाही. बरा नसेल, पण पहाटे उठून वर्कशॉप उघडायला मला दुसऱ्या कशाने एवढं बळ दिलेलं नाही.

आता तिचा तो तीन रंगांचा नियम. त्याला साठ-तीस-दहा म्हणतात आणि तो तिने शोधलेला नाही, आम्हाला दोघींना एकाच सरांनी शिकवला. खोलीतला साठ टक्के भाग एका शांत रंगाचा ठेवायचा, म्हणजे भिंती वगैरे. तीस टक्के दुसरा रंग, म्हणजे सोफा, पडदे. उरलेल्या दहा टक्क्यात एखादा भडक रंग, उशीला नाहीतर दिव्याला. डोळ्याला कुठे बघायचं ते कळतं आणि पसारा वाटत नाही. कपड्यांचंही तेच. काठपदराची साडी समोर धरा. अंग, काठ आणि काठातली बुट्टी. झाला नियम.

चित्राने शर्टाचं चित्रही आणलं होतं. अंग राखाडी, योक मोरपंखी. योक म्हणजे खांद्यावरचा जोडतुकडा. कॉलरला आणि खिशाला नारिंगी गोट. दिसायला देखणा होता, काय खोटं बोलू?

"हा कुणासाठी?" मी विचारलं.

"सगळ्यांसाठी. एकच."

"सगळ्यांसाठी एकच?"

"हो. का गं?"

"काही नाही," मी म्हणाले. मनात मात्र म्हटलं, सापडलीस!

कारण आमच्या पट्ट्यात शर्ट नुसता शर्ट नसतो. या कंपनीत पर्मनंट कामगारांना गडद निळा शर्ट होता आणि कॉन्ट्रॅक्टवाल्यांना खाकी. काम एकाच लाइनवर, एकाच मशीनवर. पण निळा म्हणजे नोकरी पक्की, बँक कर्ज देणार, लग्न जमणार. निळा शर्ट घालून मुलगी बघायला गेलेली पोरं मी पाहिली आहेत. मुलीचा बाप आधी शर्ट बघतो, मग तोंड. हे बाणेरच्या काचेतून दिसत नाही.

मी गुपचूप सॅम्पल शिवली आणि साइज ट्रायलसाठी शॉप फ्लोअरवर घेऊन गेले. प्रत्येकाला घालून बघायला देतात, मग मापाप्रमाणे कटिंग होतं. पहिला शर्ट दत्ताभाऊंनी उचलला. दत्ताभाऊ रहाटणीचे, तिथल्या जुन्या शेतकरी घरातले. पंचक्रोशीत सगळ्यांनी जमिनी विकून गाड्या घेतल्या तेव्हा हे नोकरीला चिकटून राहिले. युनियनच्या कमिटीवर होते आणि त्यांचा शब्द चालायचा.

"ताई, ह्यो कुनाचा?"

"सगळ्यांचा, भाऊ."

"सगळ्यांचा म्हंजी? कॉन्ट्रॅक्टच्या पोरांचा बी?"

"हो. आता एकच शर्ट."

त्यांनी शर्ट परत ठेवला, तोही घडी न घालता. "मग मी पर्मनंट हाय ते कळायचं कसं? कपाळावर लिवून फिरू?"

"मला काय विचारता? डिझाइन मोठ्या मॅडमचं आहे," मी म्हणाले. हे म्हणताना मला जी गोडी लागली ती काय सांगू!

"ताई, माजं पोरगं बी हितंच हाय," दत्ताभाऊ आवाज खाली आणून म्हणाले. "अक्षय. आयटीआय केलाय त्यानं, पन भरतीच न्हाई, मग कॉन्ट्रॅक्टवर लागलाय. त्याला रोज माज्या अंगावर निळा दिसतो. दिसूच दे. ईर्षा लागाय पायजे माणसाला. ईर्षा नसंल तर माणूस जाग्यावरनं हालत न्हाई."

मला हे शंभर टक्के पटलं. माझं सगळं आयुष्य त्याच इंधनावर चाललेलं. मी तशीच कदमसाहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, एक शर्ट चालणार नाही. कमिटी ऐकणार नाही."

"मग? निळा-खाकी परत आणायचा? मग ते तीन रंग कशाला घेतले?"

"निळा-खाकी नको. रंग तेच तीन. फक्त वाटणी वेगळी." मी त्यांच्याच पॅडवर काढून दाखवलं. चित्राचा शर्ट जसाच्या तसा कॉन्ट्रॅक्टवाल्यांना. आणि तोच उलटा करून पर्मनंटना, म्हणजे अंग मोरपंखी आणि योक राखाडी. गोट दोघांना नारिंगी. लांबून बघितलं तर एक कंपनी, जवळून बघितलं तर कोण कोण आहे ते कळतं.

साहेबांनी मान डोलावली. चित्रासमोर डोलावली होती तशी! डिझाइन म्हणून माझं उत्तर बरोबर होतं. आजही म्हणते, बरोबर होतं. आणि चित्राचा लाडका शर्ट कॉन्ट्रॅक्टच्या वाट्याला गेला याचा मला जो आनंद झाला, त्यात त्या दिवशी वर्कशॉपमधल्या बायकांना भजी मिळाली.

चित्राचा फोन आला. भांडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "छान केलंस. तू पहिल्यापासून प्रॅक्टिकलच होतीस, मीना."

आमच्या धंद्यात 'प्रॅक्टिकल' हा शब्द लग्नाच्या बाजारात 'नाकीडोळी नीटस' म्हणतात तसा वापरतात. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. भजी वाया गेली.

शर्ट शिवून झाले, वाटले गेले. त्याच सुमाराला चित्राने सजवलेलं नवीन कॅन्टीन सुरू झालं. मी अंगात घट्ट, बाहीत लांब असल्या तक्रारी घ्यायला गेले होते, तेव्हा साहेब म्हणाले, आज इथेच जेवा. आत पाय टाकला आणि दारातच थांबले. इतकं सुंदर! भिंती राखाडी, मधले लांब बाक राखाडी. खिडक्यांच्या बाजूला पंख्याखाली गादीच्या खुर्च्या, मोरपंखी. खांब आणि पाण्याचा नळ तेवढा नारिंगी. साठ-तीस-दहा, अगदी पुस्तकातल्यासारखं. कॉलेजात मी पुरी करून दिलेल्या शीटांवरून बाई चांगल्या शिकल्या होत्या.

मग माणसं येऊन बसायला लागली आणि मी बघतच राहिले. मोरपंखी शर्ट मोरपंखी खुर्च्यांवर. राखाडी शर्ट राखाडी बाकांवर. कुणी सांगितलेलं नाही, एचआरची नोटीस नाही, काही नाही. पहिल्या दिवशी दोन-चार पर्मनंट खिडकीशी बसले असतील, दुसऱ्या दिवशी त्यांचे मित्र. राखाडीवाल्यांनी अंगावरचा रंग बघितला, बाकाचा बघितला, आणि आपली जागा आपणच ठरवली. भिंतीला आणि माणसाला एकाच डब्यातला रंग दिला की काय होतं, हे आम्हा दोघी डिप्लोमावालींच्या डोक्यात आलं नव्हतं. खरं म्हणजे त्या वेळी मला ते चुकीचंही वाटलं नाही. मला वाटलं, काय मॅचिंग झालंय! आणि लगेच वाटलं, याचा फोटो चित्रा काढणार आणि नाव तिचं होणार.

दत्ताभाऊ खिडकीशी बसले होते. शेजारची खुर्ची रिकामी होती. तेवढ्यात एक उंच, सावळा मुलगा ताट घेऊन आला आणि त्या खुर्चीत बसला. राखाडी शर्ट. चेहऱ्यावरून कळत होतं, हाच अक्षय.

समोर बबन नावाचा ऑपरेटर बसला होता, तोंडाचा फाटका. तो मोठ्यांदा म्हणाला, "ए राखाडी! तुमचं तिकडं, बाकावर. ह्या खुर्च्या मॅचिंगवाल्यांच्या."

आजूबाजूचे हसले. मस्करीच होती. बबनला पोरगं कुणाचं ते माहीत होतं, म्हणून तर केली. अक्षयनेही थोडं हसून बापाकडे पाहिलं. आता बाप एक शब्द बोलेल असं त्याला वाटलं असावं. मलाही वाटलं.

दत्ताभाऊ भात कालवत राहिले.

अक्षय उठला. ताट तसंच भरलेलं, भांडी घासायच्या खिडकीत नेऊन ठेवलं आणि लाइनवर निघून गेला. 'ईर्षा लागाय पायजे' म्हणणारा माणूस मान वर करत नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून कॉन्ट्रॅक्टवाले कॅन्टीनमध्ये बसेनात. ताट घ्यायचं आणि बाहेर पार्किंगच्या शेडमध्ये जमिनीवर बसायचं. घोषणा नाहीत, निवेदन नाही. मी शर्टाच्या कामाने गेले तेव्हा लातूरकडची संगीता तिथे बसलेली दिसली. शिलाई लाइनवर काम करते, म्हणून माझी ओळख.

"अगं, आत एवढे बाक रिकामे आहेत," मी म्हणाले.

"बाक चांगलेच हायेत की मॅडम," ती म्हणाली. "पण हे बाक तुमचे म्हणलं की बसू वाटंना गेलंय."

नेमकं त्याच आठवड्यात कस्टमरचं ऑडिट होतं. म्हणजे जिथे सीट जातात त्या गाडीच्या कंपनीचे लोक येऊन सगळं तपासतात. त्यांनी झकास कॅन्टीन बघितलं, अर्ध्याहून जास्त रिकामं. मग बाहेर दुचाकींच्या मधे जेवायला बसलेली माणसं बघितली. त्यांनी काय विचारलं ते मला माहीत नाही. कदमसाहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं एवढं माहीत आहे.

"पुढच्या व्हिजिटच्या आत मला सगळी माणसं एका छताखाली जेवताना दिसली पाहिजेत," साहेब म्हणाले. "खुर्च्या बदला नाहीतर शर्ट."

"खुर्च्यांना हात लावायचा नाही," चित्रा म्हणाली. "रंगांचं पूर्ण पॅलेट तुटेल."

"आणि शर्ट काय आभाळातून पडलेत?" माझा आवाज चढला. "शिवून, वाटून, धुऊन झालेत. खुर्च्यांची कव्हरं बदल ना. पॅलेट म्हणे! ताट घेऊन लोक स्कूटरशेजारी बसलेत."

"वेगळे शर्ट कुणाची आयडिया होती, मीना?"

तोंडात मारल्यासारखं झालं. साहेब माझ्याकडे वळले. "हे बघा, खुर्च्या जमिनीला बोल्ट केल्यात, कव्हरं गादीला चिकटवलेली आहेत. शर्ट बदलता येतो. आणि मीनाताई, वेळ आली तर शर्टवालीही बदलता येते."

मशीनवरच्या बायका एकेक करून डोळ्यांसमोर आल्या. सगळ्यांना मोरपंखी शिवणं शक्य नव्हतं, राखाडीवालेच जास्त. उपाय एकच होता. पर्मनंटनी मोरपंखी उतरवायचा आणि राखाडी घालायचा. म्हणजे सगळ्यांना एक शर्ट. म्हणजे पहिल्या दिवशी टेबलावर होतं तेच, चित्राचं. आणि हे पर्मनंटना जाऊन सांगायचं कुणी? "तुम्हीच सांगा," साहेब म्हणाले. "तुमचं ऐकतात ते."

दत्ताभाऊंनी नाही म्हटलं तर बाकी कुणी हो म्हणणार नव्हतं, आणि मग माझं काम गेलंच. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत खाली उतरले. अल्टरेशनसाठी मला स्टोअरशेजारी एक टेबल दिलं होतं. तिथे दत्ताभाऊ आधीच उभे होते. अंगात राखाडी शर्ट. पोटावरची बटणं आता सुटतील का मग अशी ताणलेली.

"ताई, पोटात सैल हुईल का?"

"भाऊ, हा कुणाचा?"

"अक्षयचा. दांडीवरनं काढला." ते टेबलाकडे बघत बोलत होते. "त्या दिसापासनं बोलत न्हाई माज्यासंगं. एकाच बसनं येतो, मागच्या शिटावर बसतो. मी म्हनलं व्हतं ना तुमाला, ईर्षा लागंल? न्हाई लागली ओ. पोराला लाज वाटली. बापाच्या शेजारी बसायची लाज वाटली, आन मी भात कालवत बसलो."

त्यांचे डोळे भरले होते. मी टाचण्या घेतल्या आणि बाजूच्या शिवणी बघितल्या. शिवणीत कापड दाबून ठेवलेलं असतं, ते सोडलं की शर्ट थोडा सैल होतो. मी जेवणाच्या सुट्टीआधी सैल करून दिला. माझी जुळवलेली वाक्यं तशीच राहिली.

जेवायच्या वेळी मी मागे जाऊन उभी राहिले. दत्ताभाऊ राखाडी शर्टात आत आले आणि थेट मधल्या बाकावर बसले. एकटेच. खिडकीकडून बबन ओरडला, "दत्ताभाऊ, डिमोशन झालं काय राव?"

"व्हय," दत्ताभाऊ म्हणाले. "जेव गुमान."

या वेळी कुणी हसलं नाही. पार्किंगमध्ये बातमी पोहोचायला वेळ लागला नाही. आधी दारात दोन-तीन माणसं येऊन डोकावली. मग अक्षय आला. ताट घेतलं, बापासमोर बसला, आणि त्याच्या अंगावरच्या शर्टाकडे बघितलं.

"शर्ट माझा आहे तो," तो म्हणाला.

"म्हाईत हाय. धुऊन दीन."

एवढंच. मग दोघं जेवायला लागले. दत्ताभाऊंनी न विचारता स्वतःच्या ताटातला पापड त्याच्या ताटात टाकला. मला तिथे उभं राहवेना. मी नळावर जाऊन तोंड धुतलं.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. साहेबांनी ऑर्डर काढली, मोरपंखी शर्ट परत मागवले, सगळ्यांना राखाडी दिला. बबन आणि त्याच्यासारखे काही जण बरेच दिवस मोरपंखीच घालून येत होते. तो विटला तेव्हा गुपचूप राखाडी घेऊन गेले. खिडकीजवळच्या खुर्च्यांवर आता जो आधी येईल तो बसतो, आणि पंख्यावरून वेगळी भांडणं होतात. माझं काम टिकलं. एकही बाई घरी बसली नाही.

पण माझ्या जिवाला एक गोष्ट खात होती. चित्राला हे सगळं आधीच कळलं होतं का? मी न राहवून फोन केला.

"एक शर्टच बरोबर होता तुझा," मी म्हणाले. हे शब्द कसे बाहेर पडले ते माझं मला माहीत. "तुला अंदाज होता का, वेगळे रंग दिले की असं होईल म्हणून?"

"असं म्हणजे कसं?" ती म्हणाली. "अगं, एक शर्ट असला की फोटो क्लीन येतो. बाकी मी काही विचार केला नव्हता."

घ्या! मी कामगार ओळखून, धंदा ओळखून, रात्रंदिवस डोकं चालवून चुकले. आणि ही बया फोटोसाठी बरोबर ठरली. तिच्यावर जळायला मला आजवर पुष्कळ कारणं होती. पण हे कारण मी मरेपर्यंत पुरवून वापरणार आहे.

मध्यंतरी पुण्यात डिझाइनवाल्यांचा एक कार्यक्रम होता, तिथे चित्राचं प्रेझेंटेशन होतं. मला आमंत्रण होतं, गेले. पडद्यावर ते कॅन्टीन आलं. भरलेलं, सगळे राखाडी शर्ट, एका बाकावर दत्ताभाऊ आणि अक्षय. "एक शर्ट, एक कुटुंब," चित्रा म्हणाली. माणसाचा सन्मान, समानता, असं बरंच काही बोलली. शेवटी म्हणाली, "आणि याचं स्टिचिंग माझ्या मैत्रिणीने केलंय, मीना." स्टिचिंग! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, सगळे बघत होते म्हणून.

या प्रकारातून मी एकच शिकले, ते नवीन मुलांना फुकट सांगते. तीन रंग घराला शोभतात, कारण उशी कधी सोफ्याचा हेवा करत नाही. माणसाला रंग देण्याआधी एवढंच विचारा, की तो शर्ट घालून तो जेवायला कुणाच्या शेजारी बसणार आहे.

हे वाक्य माझं आहे. चित्राच्या पुढच्या प्रेझेंटेशनमध्ये दिसलं, तर लक्षात ठेवा.